बनसोडे सरांची दावण

बाजारच्या दिवशी नळदुर्गात लतीफभाईच्या मटणाच्या दुकानापुढं रांग लागायची. सगळ्यांच्या हातात पिशव्या, आणि एकाच माणसाच्या हातात थर्मास. थर्मासात चहा नसायचा, बर्फाचा चुरा असायचा. नंबर आला की तो माणूस हळूच म्हणायचा, "भाई, तेवढं काढून द्या." लतीफभाई बकऱ्याचा कणा उभा चिरायचा, आतून पांढरी, ओली, करंगळीपेक्षा बारीक दोरी अलगद ओढून काढायचा आणि थर्मासात सोडायचा.

"लोगां गोश्त ले जातैं, हमारे मास्तर सुतली ले जातैं," असं तो दर वेळी म्हणायचा, रांग दर वेळी हसायची. बनसोडे सरही हसायचे आणि विचारायचे, "दुसरं बकरं कधी कापताय?"

सर गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. मी तिथल्या सहकारी दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर होतो. केंद्रप्रमुख म्हणायचे मला, पण हाताखाली कुणी नव्हतं. सर तिशीचे, मी पंचविशीचा. ते मला 'अरे दिलीप' म्हणायचे, मी त्यांना 'सर'. मी त्यांचा विद्यार्थी कधीच नव्हतो, तरी जे काही थोडं शिकलो ते त्यांच्याकडून.

सर वारले त्याला आता वर्ष होईल. त्यांच्या बाबतीत माझ्या हातून एक गोष्ट झाली. ती लिहायची तर आधी सर सांगायला हवेत.

सरांना आवाज सोसायचा नाही. भाषण कितीही चांगलं झालं तरी ते टाळ्या वाजवायचे नाहीत, आणि वर्गात कुणी बाक आपटला तर बोलता बोलता गप्प व्हायचे. दिवाळीत तेरखेड्याचे फटाके गावात आले की सायकल काढून किल्ल्याच्या खंदकाकडं जायचे आणि अंधार पडला की परत यायचे. पोरं त्यांना मागं 'मुकी फिल्म' म्हणायची. सरांना ते माहीत होतं. एकदा हजेरी घेताना म्हणाले, "मुकी फिल्म हजर हाय. आता तुमचं सांगा."

शिकवणं मात्र असं की शेजारच्या वर्गातले मास्तर दारात येऊन उभे राहायचे. एखाद्या पोराला उभं करून म्हणायचे, "हात वाकव. वाकवलास? आता सांग, पुढचा स्नायू आवळला तो तुझ्या हुकमानं. मग मागचा सैल कुणी केला?" पोरगं आपल्या हाताकडं बघायचं. "तुझ्या मज्जारज्जूत 'चल' म्हणणारे हायेत तसे 'थांब' म्हणणारे हायेत. मागच्याला कुणीतरी 'थांब' म्हटलं, म्हणून तुझा हात वाकला. न्हायतर दोन्ही आवळले असते आणि तू लाकडासारखा उभा राहिला असतास. हुकूम सोडणं सोपं हाय रे. आवर घालणं अवघड."

हे वाक्य ते कॉलेजच्या मीटिंगमध्येही म्हणायचे, चेअरमनकडं बघून.

चेअरमन म्हणजे आबा. दूध संघ आबांचा, कॉलेज आबांचं. सरांना शिकवायला कमी आणि वर्गणी गोळा करायला जास्त पाठवायचे. सभेला सतरंज्या टाकायलाही सर, आणि हार आणायलाही. सर बौद्ध, आणि कॉलेजात ती कामं बरोबर त्यांच्याच वाट्याला का यायची, हे विचारायची गरज कुणाला पडत नव्हती. सरांनी हैदराबादला पीएचडीसाठी नाव घातलं होतं. तिथल्या गाईडकडं एक प्रकल्प यायचा होता, त्यात एक जागा होती. प्रबंध झाला तर जागा सरांची, असं ठरलेलं. "मला इथनं सुटायचंय, दिलीप," असं ते एकदाच म्हणाले. परत कधी म्हणाले नाहीत, पण त्या थर्मासातल्या प्रत्येक सुतळीच्या मागं ते वाक्य होतं.

ते केंद्रावर पहिल्यांदा आले ते आमच्या डीप फ्रीझरसाठी. आबांनी तो आइस्क्रीमचा कारखाना काढायचा म्हणून आणला होता. उद्घाटन झालं, नारळ फुटला, आणि पाऊस गेला. दुष्काळात गायी आटल्या, दूध इतकं कमी झालं की जे येई ते थेट टँकरनं सोलापूरकडं जायचं. फ्रीझर रिकामा गुरगुरत होता.

"ह्यात काय ठेवता?" सरांनी विचारलं.

"थंडावा," मी म्हणालो.

ते इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाले, "थोडा मला द्याल?"

अशा रीतीनं बकऱ्यांचे मज्जारज्जू दूध संघात आले. सर बर्फाच्या परातीपुढं बसून त्या दोऱ्या साफ करायचे, कात्रीनं बारीक करायचे, खारट पाण्यात घोटायचे, बाटल्यांत भरून फ्रीझरमध्ये ठेवायचे. तेवढ्या वेळात बोटं निळी पडायची. पुरेशा बाटल्या साठल्या की बर्फाच्या डब्यात घालून सकाळच्या गाडीनं हैदराबाद. सभासदांनी कुरकुर केली, 'डेअरीत हाडं आणतात' म्हणून. आबांनी मला बोलावलं. मी सांगितलं, जनावरांच्या लशीचं काम आहे. आबा म्हणाले, "मग चालू द्या. पण तो माणूस दुधाच्या कॅनला हात लावत न्हाय ना?" मी म्हणालो, "न्हाय आबा." हे मी सरांना सांगितलं नाही. त्या वेळी मला वाटलं, मी त्यांना सांभाळून घेतो आहे.

हे सगळं कशासाठी, ते मला एका दुपारी कळलं. सरांच्या घरी जेवत होतो. त्यांची आई भाकरी थापत होती. बाहेर विहिरीच्या कामावर सुरुंग उडाला. लांब होता, पण सरांचा घास हातात राहिला. आई थापायची थांबली. मी मूर्खासारखं विचारलं, "काय झालं?"

आईच बोलल्या. "ह्येचा बा असाच गेला, बाबा."

बहात्तरच्या दुष्काळात सरांचे वडील खडी फोडायच्या कामावर होते. अंगठ्यावर दगड पडला, माती भरली, आठ-दहा दिवसांनी जबडा बसला. धनुर्वात. घरातच अंधार करून ठेवलं होतं. जरा आवाज झाला की अंग कमानीसारखं वर उचलायचं, टाच आणि डोकं एवढंच जमिनीला. शुद्ध पूर्ण असायची. सर सोळा वर्षांचे होते. वस्तीभर हात जोडत फिरले, भांडी आपटू नका, पोरांना ओरडू देऊ नका. वस्तीनं ऐकलं. कुत्र्यांची तोंडंसुद्धा बांधली लोकांनी. पण रोजगाराच्या विहिरीवर दुपारी सुरुंग उडायचा. तो कोण थांबवणार?

"मी मुकादमाकडं गेलो हुतो," सर म्हणाले. "तो म्हणला, काम बंद केलं तर तीनशे लोकांची मजुरी बुडंल. बरोबरच हुतं त्याचं." मग घास खाली ठेवून त्यांनी मला समजावून सांगितलं, जणू वडिलांचं नव्हे, पुस्तकातलं सांगत होते. धनुर्वाताचं विष स्नायूंना काही करत नाही. ते मज्जारज्जूत जातं आणि 'थांब' म्हणणाऱ्यांचं तोंड बांधतं. मग 'चल' म्हणणारे मोकाट सुटतात, सगळे स्नायू एकदम आवळतात, आणि माणूस आपल्याच अंगात कोंडला जातो. कुचल्याचं विष त्याच्या पुढचं करतं. ते 'थांब' ऐकणारे कान बुजवतं. त्या कानांना रिसेप्टर म्हणायचं.

"त्या कानांवर माझं काम हाय," सर म्हणाले. आई म्हणाल्या, "आधी जेव."

हैदराबादला ते काय करायचे, तेही त्यांनी सांगितलं होतं. बारीक मण्यांना कुचल्याचं विष चिकटवायचं आणि त्यावरून ते घोटलेलं पाणी सोडायचं. गळाला मासा लागावा तसा रिसेप्टर विषाला लागतो. बाकीचं धुऊन टाकायचं, गळाचं सोडवून घ्यायचं, आणि पातळ वडीसारख्या जेलवर चालवून रंग द्यायचा. मग निळ्या रेघा उमटतात, जड वर राहतं, हलकं खाली जातं. रिसेप्टरच्या रेघा खाली. पण दर वेळी वर आणखी एक ठळक रेघ यायची. कितीही धुतलं तरी यायची. गाईड म्हणायचे, घाण आहे, बिनबोलावलेला पाहुणा. सरांना पटायचं नाही. "घाण असती तर कधी आली असती, कधी न्हाय. हा दर वेळी येतो. हा रिसेप्टरला धरून येतो. कशाला धरून येतो?"

याचं उत्तर त्यांना प्रयोगशाळेत सापडलं नाही, छावणीत सापडलं. गावाबाहेर जनावरांची छावणी होती, तिथं मी कामासाठी गेलो तर सर बरोबर आले. चाऱ्याची गाडी नुकतीच आली होती. गडी एका ओळीत कडबा टाकत चालले होते आणि त्या ओळीला तोंडं करून जनावरं दावणीला बांधलेली, खांद्याला खांदा लावून. एक कालवड सुटली होती. ती पार दुसऱ्या टोकाला उन्हात हिंडत होती, आणि तिच्या वाटणीचा कडबा शेजारचा बैल खात होता.

सर थांबले. "दिलीप, ही दावण नसती तर?"

"जनावरं हिंडली असती, सर."

"आणि चारा?"

"चारा तर इथंच पडणार. तुडवला गेला असता."

"अरे, तेच!" त्यांनी माझं मनगट धरलं, एवढं घट्ट की दुखलं. "पेशीचं कातडं म्हंजे तेलाचा तवंग. रिसेप्टर त्यात सुटे वाहत जाऊ शकतात, ह्या कालवडीसारखे. पण नसेचं टोक जिथं 'थांब'चा चारा टाकतं, बरोबर तिथंच ते दाटीनं उभे असतात. आपोआप कसे उभे राहतील? खालून कुणीतरी खुंट्या ठोकल्यात. दोरी ताणलीय. दिसत न्हाय, पण हाय."

"ती वरची रेघ?"

"ती दावण हाय, दिलीप! 'थांब' म्हणणारे असून भागत न्हाय. ऐकणाऱ्यांना जागेवर धरून ठेवणारा लागतो."

छावणीवाल्यांना वाटलं आमचं भांडण लागलंय. एकानं येऊन विचारलं, "काय झालं मास्तर?" सर म्हणाले, "तुमची कालवड सुटलीय, बांधा."

गाईडला त्यांनी हे सांगितलं. गाईड म्हणाले, सलग तीन खेपा करा. तिन्ही वेळा रेघ आली तर ही मांडणी प्रबंधात लिहा, मी सही करतो. एकदा जरी आली नाही तर घाण समजून सोडून द्या. पहिल्या खेपेला आली. दुसऱ्या खेपेला आली, तेव्हा सर ते जेल ओल्या प्लास्टिकात गुंडाळून घेऊन आले आणि चुलीच्या उजेडात धरून आईला दाखवलं. आई म्हणाल्या, "निळीचे डाग दिसत्यात."

"व्हय आई. निळीचेच हायेत."

आता तिसरी खेप. आबांनी प्रबंधासाठी दिलेली सुट्टी उन्हाळ्याअखेर संपत होती, प्रकल्पाची जागा तेव्हाच भरायची होती. परत करायला वेळ नव्हता.

शुक्रवारी सर केंद्रावर आले. बाटल्या भरून तयार होत्या. "मी सोमवारी सकाळी निघणार. शनिवार-रविवार तू हायस ना इथं? लाइटीचा भरवसा न्हाय."

"हाय ना सर. मी कुठं जातोय?"

मी तामलवाडीला, माझ्या गावी जात होतो. रविवारी माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. तो मी सरांना सांगितला नाही, कारण सांगितला असता तर बोलवावं लागलं असतं. त्यांच्या घरी मी किती वेळा जेवलो, मोजलेलं नाही. ते माझ्या घरी एकदाही जेवले नव्हते. पाहुणे काय म्हणतील, आई काय म्हणेल, पंगतीत कुठं बसवायचं, हे सगळं माझ्या डोक्यात एका क्षणात फिरलं आणि तोंडातून आलं, 'मी कुठं जातोय?' सर खूश होऊन गेले.

केंद्राला जनरेटर होता. लाइट गेली की चालू करायचा, एवढंच माझं काम. त्याचं डिझेल एका कॅनमध्ये असायचं. शनिवारी दुपारी मी ते कॅन संघाच्या जीपमध्ये ओतलं आणि कुलूप लावून तामलवाडीला गेलो. साखरपुड्यात जीपनं आलो म्हणून माझा मान वाढला, हेही लिहून ठेवतो.

रविवारी संध्याकाळी परत आलो तर केंद्र गप्प होतं. फ्रीझरची गुरगुर नव्हती. शेजारच्या पानटपरीवाल्यानं सांगितलं, "इथली डीपी जळलीय, काल तुम्ही गेल्या गेल्या. गावात लाइट हाय." मी फ्रीझर उघडला. तळाला पाणी, आणि बाटल्या अंगाइतक्या कोमट.

मी घाबरलो, पण फार नाही. त्याचं कारण माझा धंदा. आमच्याकडं गवळ्याचं दूध वाटेत तापलं तर काय करतात? वास बघायचा, भांडं कलतं करून कडा बघायच्या. आंबट नाही, फुटलेलं नाही, मग लगेच परत थंड करून पुढं पाठवायचं. टँकरला तेवढंच लागतं. मी बाटल्यांचं तेच केलं. एकेक उघडून वास घेतला. कलती करून उजेडात धरली. कुठंही फुटलेलं दिसलं नाही. जीपमधलं उरलेलं डिझेल नळीनं परत काढलं, जनरेटर लावला, आणि सकाळपर्यंत सगळं पुन्हा गोठवलं.

सोमवारी सरांनी बाटलीवर टिचकी मारली. "दगड हाय," ते म्हणाले. माझ्या पाठीवर थाप मारली. मी डबा गाडीत ठेवायला मदत केली.

चौथ्या दिवशी ते सरळ केंद्रावर आले. घरीही गेले नव्हते. ओलं प्लास्टिक टेबलावर ठेवलं. खालच्या रेघा होत्या, जरा फिकट. वरची जागा कोरी होती.

"न्हाय आली," सर म्हणाले.

"परत करू की सर."

"सुट्टी संपली. गाईड म्हणाले, बघा, नीट धुतलं की घाण निघून जाते." ते बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडं बघत होते. "तीनदा म्हणजे तीनदा. मला दिसावं असं वाटत हुतं, म्हणून दिसलं असंल. माणसाचं तसं होतं."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. शब्द असे होते: सर, बाटल्या वितळल्या होत्या. पण त्याच्या मागचा प्रश्न मला ऐकू येत होता, तू कुठं होतास? आणि त्याचं उत्तर माझ्याकडं एकच होतं. तेवढ्यात चहा आला.

"चहा घ्या सर," मी म्हणालो. "निवतोय."

प्रबंध त्यांनी लिहिलाच नाही. दावण काढून टाकून नुसत्या रिसेप्टरवर लिहिता आला असता, गाईडनं सुचवलंही. सर म्हणाले, अर्धं लिहायला मन घेत नाही. प्रकल्पातली जागा दुसऱ्याला गेली. पुढच्या वर्षी आबांनी फ्रीझर हायवेवरच्या एका धाब्याला देऊन टाकला. सर त्या उन्हाळ्यानंतर कॉलेजात परत रुजू झाले ते निवृत्तीपर्यंत तिथंच. सतरंज्या टाकत राहिले, पोरांना हात वाकवायला सांगत राहिले. लग्न झालं, मुलगी झाली. लतीफभाई रस्त्यात भेटला की विचारायचा, "मास्तर, सुतली छोड दिये?" सर म्हणायचे, "सोडली भाई."

मी त्यांच्या आणखी जवळ गेलो. लोक म्हणायचे, बनसोडे सरांना दिलीपसारखा माणूस नाही. त्यांचं सरपण, त्यांच्या आईचं दवाखान्याचं, मुलीच्या शाळेचं, सगळीकडं मी. कुणाला वाटेल प्रायश्चित्त. प्रायश्चित्ताला आधी बोलावं लागतं. मी फक्त पहारा देत होतो, कुणी दुसरं सांगू नये म्हणून, आणि सांगणारं तर दुसरं कुणी नव्हतंच.

काही वर्षांनी एका दुपारी सर सायकल टाकून केंद्रात शिरले. हातात झेरॉक्स. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं हैदराबादहून पाठवलेली.

"सापडलं! दिलीप, हाय ते! खरंच हाय!"

परदेशात कुणीतरी तीच वरची रेघ धरून ठेवली होती, घाण म्हणून सोडली नव्हती. ते प्रोटीन पेशीच्या कातड्याखाली असतं, रिसेप्टरला धरतं, आतल्या सांगाड्याला बांधतं. त्याचं नाव गेफिरिन ठेवलं होतं, ग्रीक भाषेत पुलाला काय म्हणतात त्यावरून.

"पूल कशाला म्हणायचं?" सर म्हणाले. "दावण म्हणायला पायजे हुतं. पण त्यांच्याकडं छावण्या नसतील." आणि हसले. त्यांच्या हसण्यात आंबटपणा शोधायचा मी फार प्रयत्न केला, सापडला असता तर बरं वाटलं असतं. नव्हता. आपली वस्तू दुसऱ्याला मिळाली याचं दुःख नव्हतं, वस्तू होती याचा आनंद होता.

मग त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघ. हे लई नाजूक हाय. थंडावा मोडला की कातडीत बसलेला रिसेप्टर तग धरतो, पण हे लगेच तुटून जातं." मी त्या बोटाकडं बघत राहिलो. "म्हंजे तिसऱ्या खेपेला थंडावा माझ्या हातनं मोडला. हैदराबादच्या स्टँडवर मी डबा उघडला हुता, दिलीप. नुसतं बघायला. बर्फ हाय का म्हणून. तेवढ्यात गेलं."

"एवढ्याशानं कसं जाईल सर?"

"मग कशानं गेलं?"

त्यांनी सरळ विचारलं होतं. मी म्हणालो, "काय माहीत."

सर निवृत्त झाले तेव्हा आई राहिल्या नव्हत्या. मुलगी लातूरला होती, तिच्याकडं कायमचं जायचं ठरलं. मी स्टँडवर पोचवायला गेलो. गाडी लागली होती, सुटायला वेळ होता. सरांचं सामान म्हणजे दोन बॅगा आणि पुस्तकांचं एक खोकं. मी खोकं वर ठेवलं, खाली आलो, खिडकीशी उभा राहिलो, आणि सुरुवात केली. कशी केली ते आठवत नाही.

"सर, डबा उघडल्यानं काही झालं नव्हतं."

"कुठला डबा?"

"तिसऱ्या खेपेचा. बाटल्या आधीच वितळल्या होत्या. माझ्याकडं. मी परत गोठवल्या."

सर खिडकीत पुढं वाकले. मला वाटलं, आता बोलतील ते ऐकायला उभं राहायचं, एवढंच आपलं काम. पण त्यांनी विचारलं, "किती तास?"

"एक दिवसाच्या वर."

"उन्हाळ्यात."

"व्हय."

"वास?"

"न्हाय आला."

"न्हाय येणार. एवढ्यात न्हाय." त्यांनी चष्मा काढला. "म्हंजे पहिल्या दोन खेपा..."

"बरोबर होत्या सर."

"मी बरोबर हुतो."

"व्हय सर."

"अरे, मी त्यानंतर पोरांपुढं बेडूकसुद्धा कापला न्हाय रे. वाटायचं, हाताला शिस्त न्हाय आपल्या." ते हसत होते आणि डोळे पुसत होते. साठीला आलेला माणूस, पण चेहरा त्या छावणीतल्या दुपारचा. तीस वर्षांत मी त्यांना काही दिलं असेल तर ते एवढंच, आणि तेही त्यांचंच होतं.

मग त्यांना आठवलं. "पण जनरेटर हुता की. डिझेल संपलं हुतं?"

हा तो प्रश्न. तीस वर्षं मी ह्याच्यासाठी तयार होतो. साखरपुडा, तामलवाडी, तुम्हाला बोलवावं लागलं असतं म्हणून, हे सगळं मी मनात इतक्या वेळा बोललो होतो की पाठ झालं होतं.

"वस्तीवरच्या बोअरच्या इंजिनाला दिलं, सर," मी म्हणालो. "तीन दिवस पाणी नव्हतं तिथं."

मी हे कधी रचलं, मला माहीत नाही. असं आलं, जणू घडलंच होतं.

सरांनी चष्मा परत घातला. "आमच्या वस्तीला?"

"व्हय."

त्यांनी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून माझे हात धरले. "वेड्या, मग हे इतकी वर्षं उरात घेऊन का बसलास? त्या वेळी सांगितलं असतंस तर मीच म्हणलो असतो, दे. पाण्यापुढं माझ्या बाटल्या काय?"

कंडक्टर तिकिटं देत आला. सर त्याला म्हणाले, "हे आमचे दिलीपराव. दुष्काळात ह्यांनी सरकारी बघितलं न्हाय, खाजगी बघितलं न्हाय, डिझेल देऊन आमच्या वस्तीला पाणी पाजलं." कंडक्टर तरुण होता, त्याला तो दुष्काळ माहीत नसावा. तरी त्यानं मला सलाम केला. गाडी सुरू झाली. 'न्हाय सर, तसं न्हाय' हे शब्द माझ्याकडं होते, इंजिनाच्या आवाजातही ऐकू गेले असते, खिडकी उघडीच होती.

गाडी वळली तेव्हा सर शेजारच्या म्हाताऱ्याला काहीतरी सांगत होते, माझ्याकडं बोट दाखवून. तो म्हातारा वाकला, खिडकीतून मला नीट बघून घेतलं, आणि हात जोडले.

मीही जोडले.